काळा राम, निळा राम

प्रताप मुळीक सर, पंचवटीत वाढलेल्या पोरांना रामाची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. काळाराम मंदिरातला काळ्या पाषाणाचा राम आम्ही कडेवर असल्यापासून पाहिलेला. तरीही अमर चित्र कथेतला तुमचा निळा राम हाती आला, आणि वनवासातली ती तिघं खरोखर याच गोदाकाठी राहिली होती, हे पहिल्यांदा मनोमन पटलं. त्या रामाला खांदे होते. बाण ओढताना दंड ताणला जात होता.

तोच हात पुढे नागराजला लाभला. ऐंशीच्या दशकात राज कॉमिक्सने हा नागमानव आणला, तेव्हा पहिल्याच अंकात त्याला देह दिलात तो तुम्ही, पुण्याच्या चित्रकाराने. अंगभर हिरवे खवले, मनगटातून सुटणारे साप, सगळं अशक्य. पण खवल्यांखालचा स्नायू नेमका जागच्या जागी. उडी मारताना भार कुठल्या पायावर येतो, मूठ वळताना मनगट किती फिरतं, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्हाला सापही खरे वाटले. ‘सुप्रीमो’ या कॉमिक्समध्ये तर तुम्ही अमिताभ बच्चनलाच महानायक केलंत. मला विचाराल तर या सगळ्यांत नागराज सरस. अमिताभला चेहरा आधीच होता. नागराजला तो तुम्ही दिलात.

हिंदी आम्ही शाळेत कमी आणि नागराजकडून जास्त शिकलो. भाड्याने आणलेला अंक संध्याकाळपर्यंत चार घरं फिरायचा, कोपरे दुमडायचे, मुखपृष्ठ सुटून यायचं. नागराज सगळ्यांना तोंडपाठ. तुमचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. राम काढणारा आणि नागराज काढणारा माणूस एकच आहे, हे मला कळलं तेव्हा दाढी आली होती.

तिकडे अमेरिकेतही फार वेगळं घडलं नाही. जॅक कर्बीने हल्क, थॉर, फँटॅस्टिक फोर यांना रूप दिलं, आणि स्वतः रेखाटलेली मूळ पानं परत मिळावीत म्हणून त्याला उतारवयात मार्व्हलशी भांडावं लागलं. हजारो पानांपैकी जेमतेम दोनेक हजार त्याच्या हाती आली, तीही १९८७ मध्ये. निदान त्याच्यासाठी वाचक उभे राहिले. आपण कुणासाठी उभे राहिलो?

तुमचं ‘स्केचिंग’ हे ज्योत्स्ना प्रकाशनाचं पुस्तक चित्रकलेची मुलं आजही उघडतात. तुमचे चिरंजीव मिलिंद मुळीकांचे जलरंग तर घरोघरी पोचले. पण ज्या पिढीला तुम्ही देव आणि वीर दाखवलेत, ती तुम्हाला न ओळखताच मोठी झाली. ही खंत माझी एकट्याची नसावी.

आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. मुलांना वाचायला द्याल, तेव्हा आधी आतल्या पानावरचं चित्रकाराचं नाव मोठ्याने वाचा.