गाडीच्या टपावरचे बिऱ्हाड

आमच्या अब्बांनी तीस वर्षे ट्रक चालवला. सांगलीची हळद आणि बेदाणा घेऊन ते कधी इंदूरला जायचे, कधी अहमदाबादला. उन्हाळ्यात केबिनमध्ये जीव घुसमटला की टपावर ताडपत्री अंथरून वरच झोपायचे. त्यामुळे गाडीच्या टपावर उघडणाऱ्या तंबूंची चित्रे आम्ही त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवली तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘‘यात नवं काय आहे? आमची निम्मी झोप टपावरच झाली.’’

तंबूचे हे खूळ आमच्या डोक्यात शिरले तेही अब्बांमुळेच. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिरजेत जमा झालेली ब्लँकेटे आणि धान्य घेऊन अब्बा तिकडे गेले होते. त्या सफरीबद्दल ते फारसे बोलत नसत. भचाऊत रस्ता कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होते ते कळत नव्हते, एवढेच सांगायचे. आणि एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचे : ‘‘भुजच्या उत्तरेला बन्नीत मातीची गोल घरं होती. पक्की घरं पडली, ती उभी होती. माल उतरवला आणि लगेच फिरलो. कुणाशी दोन शब्द बोललो नाही. एकदा परत जायला हवं.’’

अब्बा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ‘एकदा’ म्हणजे कधी, हा प्रश्न आम्हा दोघांना सतावू लागला. नाताळच्या सुट्टीत जायचे ठरवले, तर नेमका तोच रण उत्सवाचा हंगाम. पाच माणसांच्या राहण्याचे भाव ऐकून आम्ही गप्प बसलो. तयार तंबूची किंमत ऐकून आणखी गप्प बसलो. दारात आमची जुनी फोर-बाय-फोर बोलेरो उभी होती. ठरले, तंबू घरीच करायचा.

आमच्यातल्या एकाने सांगाड्याचे काम घेतले, दुसरीने शिवणाचे. आठ फूट बाय चार फुटांचा बारा मिलिमीटर जाडीचा मरीन प्लायवूडचा एक ताव आणला आणि मधोमध कापला. दोन्ही तुकडे लांब पियानो बिजागरीने जोडले. मिटले की चार बाय चारची पेटी, उघडले की आठ फुटांची लांब फळी. तिचा अर्धा भाग कॅरिअरवर आणि अर्धा गाडीच्या बाजूला बाहेर. त्या बाहेरच्या अर्ध्या भागाला शिडीचाच टेकू. वर कमानी आणि कमानींवर कापड.

कापडासाठी सुती कॅनव्हास घेतला. ट्रकचे हूड आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिरांकडे जाड सुईचे मशीन असते. घरच्या मशीनवर दोन सुया मोडल्यावर आम्हीही तिकडेच गेलो. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. सुती तंबू नवा असताना एकदा उघडून पाइपच्या पाण्याने चिंब भिजवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. पाण्याने धागा फुगतो आणि सुईची बारीक भोके बरीचशी बुजतात. मग शिवणीवरून मेण फिरवायचे. आणि ओला तंबू कधीही मिटून ठेवायचा नाही, दोन दिवसांत बुरशी धरते.

पहिला सांगाडा आम्ही लोखंडी अँगलचा केला. भक्कम दिसत होता, आम्ही खूश होतो. अब्बांनी त्याला हात लावून पाहिला आणि म्हणाले, ‘‘भंगारवाल्याकडे चला.’’ आम्हाला वाटले, थट्टा करताहेत. त्यांना भंगारवाल्याचा काटा हवा होता. कॅरिअर, सांगाडा, प्लाय, कापड, गादी, शिडी, सगळे काट्यावर चढले. आकडा आला १२१ किलो.

‘‘उभ्या गाडीला हे चालेल,’’ अब्बा म्हणाले. ‘‘पळत्या गाडीला नाही. खड्ड्यात आदळली की हेच वजन टपावर दुप्पट होऊन बसतं. आणि वजन वर गेलं की वळणावर गाडी बाहेर ओढते.’’ आमची खात्री पटेना, तेव्हा त्यांनी आम्हाला तंबूसकट आंबा घाटात नेले. तिसऱ्याच वळणावर गाडी अशी कलली की मागे बसलेल्या मुलांनी एकमेकांना धरले. तिथूनच परत फिरलो. लोखंड काढले, ॲल्युमिनियमच्या नळ्या लावल्या. जाड गादी काढून पातळ फोम घेतला. काट्यावर ७४ किलो भरले. त्याखाली काही जाईना.

मग गाडीकडे वळलो. मागच्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवला, चारही शॉकअप बदलले, इंजिनच्या चेंबरखाली जाड पत्र्याचे गार्ड बसवले. टायर ऑल-टेरेन घेतले, पण माप कंपनीने दिलेलेच ठेवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, म्हणून पत्र्याला कुठे कापले नाही की वेल्डिंग केले नाही. कॅरिअर आणि तंबू बोल्ट सोडले की उतरतात. सोबत हवा भरायचा छोटा बारा व्होल्टचा पंप, ओढायचा पट्टा, फावडे आणि जॅकखाली ठेवायला सागवानी फळी घेतली. मऊ जमिनीत जॅक फळीशिवाय उभाच राहत नाही.

तंबू पहिल्यांदा अंगणात उघडला त्या संध्याकाळी सारी गल्ली जमली. मुले तीनदा चढली, तीनदा उतरली. मग अब्बा पुढे झाले. शिडीची पहिली पायरी चढले, दुसरी चढले. तिथे गुडघा धरून थोडा वेळ थांबले आणि खाली आले. म्हणाले, ‘‘माझं खालीच बरं. रात्री गाडी राखायला कुणी तरी हवंच.’’

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तीन महिने खपून ज्यांच्यासाठी म्हणून तंबू केला, त्यांना तो चढताच येत नव्हता. मापे घेताना कापडाची घेतली, प्लायची घेतली, अब्बांच्या गुडघ्याचा विचार मात्र एकदाही मनात आला नाही. त्या रात्री कुणी जास्त बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गाडीतली मधली आणि मागची सीट दुमडून वर फळी टाकली आणि उरलेला फोम अंथरला. अब्बांची झोपायची जागा तयार झाली. उरलेल्या कॅनव्हासचा एक पडदा शिवून तंबूच्या पुढे आलेल्या भागाखाली टांगला. कपडे बदलायला आणि वजूला आडोसा झाला.

मिरज ते भुज हे अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. ते आम्ही तीन दिवसांत कापले. सूरजबारीचा पूल ओलांडून कच्छमध्ये शिरलो तेव्हा अब्बा खिडकीची काच खाली करून बसले. भचाऊ नव्याने बांधलेले आहे. रुंद रस्ते, नवी घरे. ‘‘हे ते गाव नाही,’’ ते एवढेच म्हणाले. भुजला भुजिया डुंगरावर स्मृतिवन आहे. तिथे भूकंपात गेलेल्या लोकांच्या नावांच्या पाट्या लावल्या आहेत. अब्बा एकेक नाव वाचत चालले. त्यांना गुजराती लिपी ट्रकच्या दिवसांपासून वाचता येते. बऱ्याच वेळाने त्यांनी दुआसाठी हात उचलले. मागे उभ्या असलेल्या मुलांनीही उचलले.

भुजहून उत्तरेला भिरंडियारा लागते. तिथला मावा प्रसिद्ध आहे आणि पांढऱ्या रणात जाण्याचे परवानेही त्याच बाजूला मिळतात. हा सरहद्दीचा मुलूख आहे. वाटेल तिथे गाडी लावून मुक्काम करण्याचा हा प्रदेश नाही, तसे कुणी करूही नये. आम्ही बन्नीतल्या एका वस्तीवर जाऊन रीतसर विचारले. बन्नी म्हणजे अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठे गवताळ रान. इथले मालधारी बहुतेक मुस्लिम. म्हशी आणि गाई हाच त्यांचा संसार. बन्नीची म्हैस रात्रभर एकटी चरते आणि पहाटे दूध द्यायला आपली आपण घरी येते. यजमान कच्छीत बोलत आणि अब्बा ट्रकवाल्यांच्या हिंदीत. दोघांचे छान जमले. वाड्याच्या कडेला जागा मिळाली.

तिथवर पोचायला शेवटची वाट भुसभुशीत होती. टायरची हवा ३२ वरून २० वर आणली, फोर-व्हीलचा लिव्हर टाकला आणि गाडी रुतली नाही. मात्र एक टायर बसला. वेड्या बाभळीचा काटा! १९६० च्या दशकात खारी जमीन वाढू नये म्हणून लावलेले हे झाड आता बन्नीभर पसरले आहे आणि त्याचा काटा ऑल-टेरेन टायरलाही जुमानत नाही.

मगरिबची नमाज उघड्या रानात झाली. तंबू उघडला. उगवता सूर्य दारातून दिसावा म्हणून आम्ही गाडी मुद्दाम तिरकी लावली. आम्ही चौघे वर, अब्बा खाली. ताऱ्यांनी भरलेले ते आभाळ मुले जन्मभर विसरणार नाहीत.

मध्यरात्रीनंतर वारा सुटला. आमचे दार नेमके त्याच बाजूला. बाहेर आलेल्या फळीखाली वारा शिरे आणि अंगाखालची जमीन उचलल्यासारखी होई. कॅनव्हास चाबकासारखा वाजू लागला. धाकटा रडायला लागला. आम्ही एकेका मुलाला पोटाशी धरून अंधारात शिडी उतरलो. गाडीचे मागचे दार आधीच उघडे होते आणि अब्बा ब्लँकेट हातात घेऊन बसले होते. ‘‘या,’’ ते म्हणाले, ‘‘वारा सुटला की टपावरचा माणूस केबिनमध्ये येतोच. मी वाट बघत होतो.’’

तेवढ्यात यजमान बॅटरी घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांना त्यांच्या भुंग्यात घेऊन गेले. भुंगा म्हणजे तेच गोल घर. मातीची जाड गोल भिंत, लहान खिडक्या, वर गवताचे शंकूसारखे छप्पर. बाहेर वारा घोंगावत होता आणि आत चिमणीची ज्योत हलत नव्हती. गोल भिंतीला कोपरा नसतो, म्हणून वारा अडत नाही, बाजूने निघून जातो. भूकंपाचा हादराही एका कोपऱ्यात न साचता साऱ्या भिंतीवर वाटला जातो. १६ जून १८१९ लाही इथे मोठा भूकंप झाला होता. तेव्हा रणात जमीन वर येऊन लांबच लांब बांध तयार झाला. तो माणसाने घातला नाही म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ नाव दिले. अशा मुलखात राहणाऱ्यांनी घर कसे बांधावे हे पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून ठरवले आहे. आमच्या तंबूला चार कोपरे होते.

सकाळी चहा पिताना यजमानांनी सांगितले, २००१ मध्ये याच भुंग्याला फक्त भेग पडली होती, ती त्यांच्या वालिदांनी लिंपली. अब्बांनी उठून भिंतीवर हात फिरवला. मग दोघे म्हातारे त्या दिवसांबद्दल बोलत बसले. कोणत्या रस्त्याने ट्रक आले, किती दिवस पीठ पुरले, कुणाच्या घरचे कोण गेले. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी न झालेले बोलणे त्या सकाळी झाले. त्यासाठी मोठी दुपार लागली. आम्ही मध्ये बोललो नाही.

दुसऱ्या रात्री गाडी फिरवून तंबूची बंद, आखूड बाजू वाऱ्याकडे केली. तंबू जागचा हलला नाही. पण वर फक्त आम्हा दोघांतले एक जण आणि मुले झोपली. दुसरे अब्बांच्या सोबतीला खाली होते.

घरी आल्यावर आम्ही तंबूत दोन बदल केले. टपावरचा भाग सहा इंच बुटका केला. खालचा पडदा मोठा करून त्यात एक घडीची खाट मावेल अशी खोली केली. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांना आमचे सांगणे थोडेच आहे. प्रत्येक वस्तू काट्यावर चढवा. चालत्या गाडीत तंबूत कुणाला बसवू नका. तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवू नका, बंद जागेतला तो धूर झोपेतच जीव घेतो. गाडी लावण्याआधी वाऱ्याची दिशा पाहा. आणि पहिले माप घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाचे घ्या.

अब्बा परवा विचारत होते, ‘‘उन्हाळ्यात कुठे?’’ खाटेची उंची त्यांनी स्वतःच मोजून ठेवली आहे.