उजवीकडे दोन, खाली तीन

30 ऑक्टोबर 2025
महिला वर्ल्डकपची सेमीफायनल. जेमिमा नाबाद 127. ऑस्ट्रेलियाचे 338 पार. ओरडून घसा बसला. हिला उठवून सांगितलं. "झोपा आता," म्हणाली.

31 ऑक्टोबर
फायनल रविवारी दुपारी तीनला. त्याच दिवशी कार्तिकी एकादशी, जळगावचा रथ. रथ चुकवायचा नाही. मॅच रेकॉर्ड करावी लागणार.
दुपारी सराव. पाचच्या बटणावरचा ठिपका सापडला की रिमोट हातात बसतो. गाइड, उजवीकडे दोन, खाली तीन, ओके. सेट-टॉप बॉक्स मुका. लागलेलं चॅनल आवाजावरून ओळखतो, पण यादीतल्या ओळीला आवाज कुठला? जन्म बँकेच्या टेलिफोन बोर्डावर गेला. सगळे नंबर बोटांत होते, आणि ते रातोरात जागा बदलत नसत.

1 नोव्हेंबर
सुनेनं बघून सांगितलं, "लाल ठिपका आलाय, नाना." म्हणजे लागलं.

2 नोव्हेंबर
सुभाष चौक. नातवाच्या खांद्यावर हात. चाकाखाली मोगरी गेली की लाकूड करकरतं, रथ थांबतो, पुन्हा जयघोष. मधेमधे स्कोअर विचारत होतो. पावसामुळे मॅच पाचला सुरू झाली म्हणे. तिथेच धस्स झालं. रेकॉर्डिंग गाइडच्या वेळेला बंद होणार, त्याला पावसाचं काय.
मध्यरात्री फटाके. जिंकलो.

3 नोव्हेंबर
दक्षिण आफ्रिकेची वोल्व्हार्ट खेळतेय आणि रेकॉर्डिंग खलास. 52 धावांनी जिंकलो ते ठाऊक आहे. हरमनचा शेवटचा झेल ऐकायचा राहिला.

6 नोव्हेंबर
रात्रीतून बॉक्सनं अपडेट घेतलं. उजवीकडे दोन, खाली तीन, ओके. कुठलासा सिनेमा सुरू. नातू ओरडला, "आजोबा, हा पैसे देऊन बघायचा आहे!"

7 नोव्हेंबर
कस्टमर केअर.
"स्क्रीनवर काय दिसतंय, सर?"
"मला दिसत नाही."
"मग टीव्ही चालू आहे का?"

9 नोव्हेंबर, धुळे
एसटीनं आलो. एरंडोल, पारोळा, खड्डे. आक्काकडे देवपूरला.
भाचा म्हणाला, "मामा, हाऊ टीव्ही बोलस." सेटिंगमध्ये टॉकबॅक आहे, ते चालू केलं. बाण हलवला की कुठे आहोत ते सांगतो. हिंदीत, पण सांगतो. एकट्यानं सगळा मेनू पालथा घातला. आवाज किती मोठा, घड्याळ कुठलं, सगळं. कार्यक्रम एकही लावला नाही. आक्का वैतागली, "तू टीव्ही दखस का नुसती यादीच आयकस?"
एका ॲपमध्ये मात्र "बटन, बटन, बटन". नावंच दिलेली नाहीत कुणी.

10 नोव्हेंबर, धुळे
भाच्याकडून वाचून घेतलं. अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीनं बोलणारी गाइड 2014 मध्येच दिली. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 43 आहे, सगळ्यांना वापरता येतील अशा वस्तूंना चालना द्या म्हणणारं. टीव्ही कार्यक्रमांसाठी 2019 मध्ये मानकं निघाली, ती कर्णबधिरांसाठी. निघाली हे बरंच झालं. गेल्या वर्षी 8 नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं सरकारला बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे नकोत, बंधनकारक करा.
भाचा म्हणतो, तक्रार लिहू. लिहू म्हटलं. पण त्याला परीक्षा आहे.

12 नोव्हेंबर
जळगाव. भरीत, कळण्याची भाकरी. जेवल्यावर सून वाचत गेली, मी नवा मेनू ब्रेलमध्ये टोचून घेतला. खाली चार, डावीकडे एक. पुढच्या अपडेटपर्यंत.

14 नोव्हेंबर
बॉक्सवाला आला. नवा बॉक्स घ्या म्हणतो. रिमोटमध्ये माइक आहे, चॅनलचं नाव घेतलं की लागतं.
"मी बोललेलं तो ऐकतो. तो स्वतः बोलतो का?"
कंपनीला विचारून सांगतो म्हणाला. जुन्या बॉक्सचे किती देणार, तेही विचारायला सांगितलंय.