दोन टिंबं, एक शेपटी

बालमित्रांनो, इंग्रजी निबंध लिहिताना तुम्ही कोणकोणती विरामचिन्हं वापरता? पूर्णविराम, स्वल्पविराम आणि फार तर प्रश्नचिन्ह, हो ना? पण आणखी दोन चिन्हं कोपऱ्यात गप्प बसलेली असतात. एकाला नुसती दोन टिंबं (:). तो कोलन, म्हणजे अपूर्णविराम. दुसऱ्याला वर टिंब आणि खाली शेपटी (;). तो सेमिकोलन, म्हणजे अर्धविराम. आज या दोघांशी गट्टी करू या.

मी पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. वह्या तपासताना दिसतं, की चुकण्याच्या धास्तीनं मुलं अगदी तुटक वाक्यं लिहितात. तीच मुलं मधल्या सुट्टीत मराठीत गप्पा किती रंगवून मारतात! विचार मोठा असतो, पण कागदावर त्याचे तुकडे पडतात. ते सांधायला अर्धविराम फार उपयोगी.

हे वाक्य पाहा: 'इट वॉज रेनिंग; वुई स्टेड ॲट होम.' पाऊस होता म्हणून आपण घरी राहिलो. दोन्ही गोष्टींचं नातं आहे, पण 'सो' किंवा 'अँड' लिहावं लागलं नाही. चाळीतल्या शेजारशेजारच्या दोन खोल्या आठवा. प्रत्येकीला स्वतःचं दार, मध्ये एकच सामाईक भिंत. ती भिंत म्हणजे अर्धविराम. तिथं नुसता स्वल्पविराम दिलात, तर भिंतीऐवजी पडदा लावल्यासारखं होईल. इंग्रजीत ती चूक धरतात, बरं का!

मग अर्धविराम बरोबर पडला हे ओळखायचं कसं? चिन्हाच्या उजवीकडचा भाग हातानं झाका आणि डावीकडचा वाचा. मग डावीकडचा झाका आणि उजवीकडचा वाचा. दोन्ही भाग पूर्ण वाक्यं वाटली, की पास!

आता अपूर्णविराम. तो म्हणजे डब्याचं झाकण. 'आत काय आहे?' अशी उत्सुकता आधी निर्माण होते आणि मग डबा उघडतो. 'आय लाइक थ्री फ्रूट्स: मँगो, बनाना अँड ऑरेंज.' तीन फळं कोणती, ते झाकणानंतर कळलं. पण 'आय लाइक: मँगो, बनाना अँड ऑरेंज' असं मात्र लिहायचं नाही. कारण 'आय लाइक' एवढंच वाक्य अर्धवट राहतं. इथं परीक्षा फक्त डावीकडची: तो भाग पूर्ण वाक्य हवा. उजवीकडे यादी चालते, एखादा शब्द चालतो किंवा पूर्ण वाक्यही चालतं.

आपल्या मुलांची आणखी एक सवय म्हणजे दोन टिंबांपुढे आडवी रेघ ओढायची (:-). मराठीत ती चालून जाते. 'दुःख' या शब्दातला विसर्गही दोन टिंबांचाच ना! रेघ असली, की घोटाळा होत नाही. इंग्रजीत विसर्ग नाही, म्हणून रेघेची गरजही नाही. चिन्ह आधीच्या शब्दाला चिकटवून लिहा आणि जागा त्याच्यानंतर सोडा.

गंमत म्हणजे, आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये ही चिन्हं नव्हतीच. उभा दंड असे, तेवढाच. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवली. आणि आजच्या रूपातला अर्धविराम छापला गेला तो थेट इटलीत, व्हेनिस शहरात! आल्डस मॅन्युशियस नावाच्या मुद्रकानं 1496 साली एका पुस्तकात तो वापरला. पाचशे वर्षं उलटली, तरी शेपटी तशीच आहे!

'हे सगळं कशाला? मार्क तर स्पेलिंगला मिळतात,' असं कुणी म्हणेल. माझ्या वर्गातल्या एका अबोल मुलीनं 'माय फादर' या विषयावर लिहिलं होतं: 'माय फादर वर्क्स ॲट नाइट; आय सी हिम ऑन संडे.' शब्द सगळे सोपे, पण त्या एका शेपटीवर मी थबकले. तिथं पूर्णविराम असता, तर या दोन नुसत्या माहित्या झाल्या असत्या. आता मात्र रात्रपाळी आणि रविवारची वाट पाहणं एकमेकांना बिलगून बसलं. न बोलणारी मुलगी कागदावर बोलली होती.

म्हणून पालकहो, एक विनंती. मुलाची इंग्रजी वही हातात घेतलीत, की लगेच लाल पेन शोधू नका. आधी ते पान मोठ्यानं वाचा. मुलाला काय सांगायचंय ते ऐका. चिन्हं मग दोघं मिळून लावा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ! आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत दोन छोटी वाक्यं लिहा. त्यांचं नातं जुळत असेल, तर मध्ये भिंत घाला. मग ते त्या माणसाला वाचून दाखवा. दाखवाल ना?