अर्थ मिळत नाही

मोटारीच्या बिघाडांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात: आवाज करणारे आणि आवाज न करणारे. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात ही विभागणी सापडायची नाही. पण बारामती आणि इंदापूरच्या दरम्यान निरनिराळ्या गॅरेजांच्या बाकड्यांवर, तपासायच्या उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन, गेल्या काही वर्षांत मी जो काळ काढला, त्यात ती माझ्यापुरती पक्की झाली आहे. आमच्या घरी २००४ साली घेतलेली एक डिझेल गाडी आहे. शहरात तिला 'एसयूव्ही' म्हणतील. आमच्याकडे असल्या प्रत्येक गाडीला, ती कोणत्याही कंपनीची असो, जीपच म्हणतात. आणि वैताग आला की 'जीपडं'.

विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे इतकी ही वस्तू इथल्या मातीत रुजली, त्याला कारणे आहेत. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे सरकारी साहेब, कारखान्याचे संचालक आणि निवडणुकीचा प्रचार ह्यांचे वाहन तेच राहिले. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. तिचे नाव ऐकून जपानी कुस्तीगीर आठवणाऱ्यांना हे सांगायला हवे की ते सुमंत मुळगावकर ह्यांच्या नावाआडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेले आहे. २००० च्या सुमारास बोलेरो आणि क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. उसाचे बिल चांगले आले की वस्तीवर नवी जीप उभी राही, आणि वय झाले की तीच जीप वडापला लागे. ह्या गाड्यांतल्या बऱ्याच जणी अजून रस्त्यावर आहेत. आमची त्यांतलीच एक. कुठली, ते इथे महत्त्वाचे नाही.

आवाज करणारे बिघाड यांत्रिक असतात आणि त्यांच्याशी मराठी भाषेचे जुने सख्य आहे. फिटरचा पहिला प्रश्न 'काय झालं?' हा नसतो. 'आवाज कसा येतोय?' हा असतो. टकटक असेल तर टॅपेट, घरघर असेल तर बेअरिंग, सकाळी सुरू करताच चुंई झाले तर पट्टा. खड्ड्यात खडखडले तर बुश नाहीतर कमानपाटे, आणि गिअर टाकून क्लच सोडताना मागून एकदाच 'कट्' वाजले तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकणारा मेस्त्री मी पाहिला आहे. डॉक्टरांच्या नळीहून ते साधन काही निराळे नव्हे. आम्ही वर्गात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार शिकवतो आणि अनुकरणवाचक शब्दांची तीचतीच उदाहरणे देतो: रिमझिम, किरकिर, गडगड. एका वर्षी टकटक, खडखड आणि खुळखुळ ह्यांतला फरक विचारला तेव्हा वर्ग गप्प झाला आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याच्या वडिलांचे भिगवणच्या रस्त्याला गॅरेज होते, तो इतका काटेकोर सांगितला की कोशकारांनी टिपून घ्यावा. खडखड दोन सुट्या भागांची, टकटक एकाच भागाची पण ठेक्यात, आणि खुळखुळ म्हणजे पोकळीत काहीतरी पडलेले.

गॅरेजची क्रियापदेही सजीवांची आहेत. गाडी ऑइल खाते, पाणी पिते, एअर घेते, लोड घेत नाही, चढाला दम टाकते. बॅटरी बसते किंवा उतरते. पूर्वी ज्यांनी बैलगाडीच्या आसाला वंगण घातले त्यांच्याच नातवंडांनी हे पाने हातात घेतले, तेव्हा बैलासाठी वापरायचे शब्द इंजिनाला लागू झाले ह्यात नवल नाही.

विजेचा बिघाड मात्र मुका असतो. त्याला वास असतो कधीमधी, बाकी काही नाही. आणि तो असतो एकीकडे, दिसतो दुसरीकडे.

आमच्या गाडीला तो लागला गेल्या हिवाळ्यात, आणि नेमका नको त्या काळात. माझे सासरे, ज्यांना सगळी वस्ती आप्पा म्हणते, त्यांचे आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिस असते. वस्ती निमगाव केतकीच्या अलीकडे. तिथून अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर करत बारामती गाठायची. सकाळची पाळी साडेसहाची. ती चुकली तर त्या दिवशी दुसरी मिळेलच असे नाही, आणि एक पाळी हुकली की आप्पांच्या पायांवर सूज येते, दुसऱ्या रात्री आडवे पडून श्वास घेता येत नाही. एरवी 'गाडी सुरू होत नाही' हे वाक्य गैरसोयीचे असते. आमच्या घरात पहाटे पाच वाजता त्याचा अर्थ वेगळा होता. भाड्याची गाडी पहाटे मिळते, नाही असे नाही. पण छोट्या गाडीच्या ठेंगण्या सीटवर आप्पांना बसता-उठता येत नाही आणि परतताना त्यांना आडवे व्हायला मागचा लांब बाक लागतो. शेजारी धावून येतात. पण आठवड्यातून दोनदा, महिनोन्महिने कुणाला हाक मारणार?

लक्षणे अशी: किल्ली फिरवली की सेल्फ एकदा घुर्र करायचा आणि थांबायचा. कधी नुसते 'टक्'. दुपारी तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू. हेडलाइट मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत. पहिल्या गॅरेजने बॅटरी बसली म्हणून सांगितले; नवी बॅटरी आली. तीन आठवड्यांनी तीही उतरली, तेव्हा दुसऱ्याने डायनामो चार्जिंग करत नाही असे निदान केले (अल्टरनेटरला आमच्याकडे अजूनही डायनामोच म्हणतात) आणि तो उघडून भरून दिला. तिसऱ्याने सेल्फ खोलला, कार्बन बदलले, बुश बदलले. प्रत्येक दुरुस्तीनंतर आठदहा दिवस बरे जात. पहाटे दिराने बोनेटखाली बॅटरीचे टर्मिनल ठोकायचे, वस्तीवरच्या दोनतीन पोरांनी धक्का द्यायचा, आणि आप्पांनी पुढच्या सीटवर मफलर गुंडाळून समोर बघत बसायचे, असा क्रम ठरून गेला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबानेच डिझेल पेटते. म्हणून जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्या धक्क्यावर निघतात. ही सोय नसती तर त्या जानेवारीत काय झाले असते ते सांगता येत नाही.

अखेर बारामतीत, मंडईच्या मागच्या अंगाला, नुसते गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधीच्या तिन्ही दुरुस्त्यांची हकीकत शांतपणे ऐकली आणि कुणालाही नावे ठेवली नाहीत. दिराला सांगितले, "तीन वेळा सेल्फ मारा." मारला. चाचांनी बोनेटखाली हात घातला, पण बॅटरीकडे नाही, सेल्फकडेही नाही. ॲक्सिलरेटरची केबल चिमटीत धरली आणि लगेच सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हात लावून बघा." केबल चटका बसावा इतकी तापली होती.

"इंजिनला अर्थ मिळत नाही," चाचा म्हणाले.

मराठीच्या अध्यापकाला हे वाक्य बाजारात, तेही इंजिनाबद्दल, ऐकायला मिळाल्यावर काय वाटले असेल त्याची कल्पना वाचकांनी करावी. पण आधी प्रकार काय होता तो सांगते, कारण तो कुठल्याही श्लेषापेक्षा रंजक आहे.

गाडीत बॅटरीच्या धन टोकापासून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, सेल्फला स्वतंत्र वायर जाते. परतीची वायर मात्र नसते; गाडीचे लोखंडी अंगच परतीचा रस्ता. पण इंजिन त्या अंगावर थेट टेकलेले नसते. धडधड माणसांपर्यंत पोचू नये म्हणून ते रबराच्या माउंटिंगवर बसवतात आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून चेसिसपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांची एक जाड पट्टी लावलेली असते. आमची पट्टी वीस पावसाळ्यांनी आणि पाटाच्या कडेच्या ओलीने हिरवी पडून आतून कुजली होती. दिवे आणि हॉर्न ह्यांचा परतीचा रस्ता वेगळा, म्हणून ते ठणठणीत. सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात. एवढ्या विजेला दार बंद दिसल्यावर ती सापडेल त्या फटीतून जाते, आणि इंजिनाला चेसिसशी जोडणारी दुसरी धातूची वस्तू म्हणजे ॲक्सिलरेटरची बारीक केबल. अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला, म्हणून चार्जिंगही अर्धेमुर्धे, म्हणून बॅटरी उपाशी. बॅटरी, डायनामो, सेल्फ असे तिघे आरोपी एकामागोमाग पकडले गेले होते आणि तिघांचा रस्ता एकाच मोडक्या पुलावरून जात होता.

चाचांनी खात्रीसाठी मीटर लावला: एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ मारताना हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. काटा तीनच्या पुढे गेला. नवी पट्टी दोनशे रुपयांच्या आत आली. जुन्या जागेवरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून, पितळेसारखे चकचकीत लोखंड दिसू लागल्यावरच त्यांनी ती आवळली, वर ग्रीस फासले. वेळ लागला तो घासण्यालाच.

'अर्थ' ह्या शब्दाकडे आता वळायला हरकत नाही. इंग्रजीतला तो शब्द आपल्या तोंडी येताना अंगभूत संस्कृत शब्दाच्या कपड्यांत आला आणि उच्चारात दोघांत काही फरक उरला नाही. शिष्ट परिभाषेत आपण 'भूसंपर्कन' असे म्हणू शकतो, पण घराच्या वायरिंगला जमिनीशी जोडणाऱ्या तारेला शोभणारा हा शब्द मोटारीला लावला की चुकीचा ठरतो. मोटार रबरी टायरांवर उभी. तिचा भूमीशी काही संबंधच नसतो. चाचांचा दुसरा शब्द 'बॉडी' होता: "बॉडी लागत नाही." तांत्रिकदृष्ट्या तोच अचूक. उसना असला तरी वस्तू पाहून उसना घेतलेला आहे. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्या समित्यांनी वर्षातून एखादा दिवस असल्या दुकानात काढला तर कोश थोडे बारीक होतील, पण वापरातले होतील असे मला वाटते. अर्थ ह्या शब्दाचा तिसरा अर्थ, म्हणजे पैसा, तो तीन महिन्यांत आमच्याकडून बराच गेला होता, हे ओघाने आलेच.

आता स्कॅनर आले आहेत. २०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस-सहा मानक लागू झाले आणि तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत इंजिनाचा बहुतेक कारभार संगणक बघतो. तार जोडली की पडद्यावर बिघाडाचा क्रमांक येतो. चाचांचा मुलगा ते यंत्र चालवतो. चाचांना त्याचे वावडे नाही, पण त्यांचे म्हणणे असे की मशीन नाव सांगते, गाव सांगत नाही. एखाद्या सेन्सरचा व्होल्टेज कमी आहे एवढे ते सांगेल. सेन्सर बिघडला, की त्याची वायर, की पुन्हा अर्थच, हे हाताने शोधावे लागते.

वायरवरून आठवले. आमच्याकडे ऊसतोड आटोपली की शेतातले उंदीर बेघर होतात आणि वस्तीकडे सरकतात. थंडीच्या रात्री नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीच्या इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना दुसरी नसते. मराठी शिकवणाऱ्याला उंदीर म्हटले की मर्ढेकर आठवणे भागच आहे, पण आमचे उंदीर मेलेले नव्हते. फेब्रुवारीत त्यांनी डाव्या हेडलाइटची आणि वायपरची वायर कुरतडली. आप्पांच्या सांगण्यावरून दीर रात्री बोनेट उघडे ठेवू लागला. उजेड आणि वारा लागला की उंदीर थांबत नाहीत, हे आप्पांचे शास्त्र. तेव्हापासून तरी वायरी शाबूत आहेत.

गाडी ठेवावी की मोडीत काढावी, ह्यावर घरात दोन तट आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचे २०१९ मध्ये झाले, पुन्हा २०२४ मध्ये. पहिल्या वेळी शुल्क सहाशे रुपये होते. २०२२ च्या एप्रिलपासून ते पाच हजार झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमधील अधिसूचनेने वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी दहा हजार केले. पर्यावरण कर निराळा. धोरणाचा रोख स्पष्ट आहे आणि धुराचा विचार करता तो गैर आहे असे मी म्हणणार नाही. दिराच्या मते २०२९ पर्यंत वाट न पाहता आताच नवी घ्यावी. माझे मत असे की जोवर आप्पांना त्या उंच सीटवर चढता येते आणि जोवर चाचांचे दुकान उघडे आहे, तोवर कर्ज कशाला? आप्पांनी मत दिलेले नाही.

मागच्या शुक्रवारी बारामतीहून परतताना बेलवाडीच्या पुढे, पालखी मार्गाच्या नव्या रुंद रस्त्यावर, उसाची ट्रॉली पुढे घालवायला दिराने गिअर बदलला. डायलिसिसनंतर आप्पा थकून मागच्या बाकावर डोळे मिटून पडलेले असतात आणि कुणाशी बोलत नाहीत. "क्रॉस आलाय," ते डोळे न उघडता म्हणाले. मला काहीच ऐकू आले नव्हते, दिरालाही नाही. सोमवारी मेस्त्रीने गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने हलवून पाहिला. मागच्या क्रॉसच्या चारपैकी एका कपातल्या सुया झिजल्या होत्या. नवा क्रॉस बारामतीत मिळाला नाही. इंदापूरला एका दुकानात जुन्या मापाचा एक शिल्लक आहे म्हणतात, तो उद्या दीर आणणार आहे.