दहा तासांची टिपणे

१.
फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१० ते १८१२ या काळात इंग्लंडमध्ये राहिला. सांगायला कारण होते प्रकृतीचे. कापडयंत्रांचे आराखडे देशाबाहेर नेणे तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. याने गिरण्या नीट पाहून घेतल्या, डोक्यात ठेवल्या, आणि घरी परतल्यावर पॉल मूडी या कारागिराच्या मदतीने यंत्रमाग उभा केला. १८१७ मध्ये तो वारला. मॅसॅच्युसेट्समधले त्याच्या नावाचे गिरणगाव वसले ते त्यानंतर.

२.
मुंबईत भोंगा, लोवेलमध्ये घंटा. उठायची घंटा, फाटकाची घंटा, न्याहारीची घंटा, दिवे मालवायची घंटा. आठवड्याचे सरासरी ७३ तास. कामाला बहुतेक न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुली. राहणे कंपनीच्या खाणावळीत, रविवारी चर्च सक्तीचे.

३.
धोट्याच्या भोकातून सूत काढायचे ते तोंडाने. ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत येते, कापसाचे तंतूही येतात. पुढे या रीतीला ‘मृत्यूचे चुंबन’ असे नाव पडले.

४.
हवा कोरडी झाली की सूत तुटते. म्हणून खिडक्या बंद. त्या बंद काचांवर मुली कवितांची कात्रणे चिकटवून ठेवत. पुस्तक आत न्यायला बंदी होती.

५.
डिकन्स १८४२ मध्ये लोवेलला एक दिवस आला. इंग्रज वाचकांना नवल वाटेल अशा तीन गोष्टी त्याने नोंदवल्या: खाणावळींत पियानो आहे, बहुतेक मुली वाचनालयाच्या वर्गणीदार आहेत, आणि त्या स्वतःचे मासिक काढतात. मुली बारा तास काम करतात, हेही त्याने लिहिले. नवलाच्या यादीत ते नाही.

६.
१८३४, पगारकपात. सुमारे ८०० मुली बाहेर पडल्या. काही दिवसांत परत.

१८३६, खाणावळीचा खर्च वाढला. या खेपेस जास्त मुली होत्या. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली निघू की नको करत उभ्या राहिल्या. कंटाळून ही एकटी चालू लागली. मागे वळून पाहते तो सगळ्या येत होत्या. पुढे म्हातारपणी तिने आठवणी लिहिल्या, त्यात हा क्षण आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा म्हणून नोंदवला आहे.

तिची आई विधवा, कंपनीची खाणावळ चालवणारी. आईचे काम गेले. साहेबाचे म्हणणे थोडक्यात असे: थोरल्या बायका तुमच्या हाताबाहेरच्या, मान्य, पण ही तर तुमचीच पोर.

७.
सारा बॅगली, विणकर. दहा तासांच्या दिवसासाठी तिने आणि मैत्रिणींनी सह्या गोळा केल्या. १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने समिती नेमली, मुलींच्या साक्षी घेतल्या. समितीचे सदस्य गिरण्या पाहायलाही गेले. तिथली झाडे, फुले, हिरवळ त्यांना आवडली. निष्कर्ष: हा कायद्याचा विषय नव्हे, मालक-मजुरांनी आपसांत पाहून घ्यावे.

समितीचा अध्यक्ष विल्यम शूलर हा लोवेलचाच आमदार. मुलींनी त्याच्याविरुद्ध प्रचार केला. तो पुढच्या निवडणुकीत पडला. त्यांतल्या एकीलाही मत नव्हते.

८.
दक्षिणेत गुलामांना घालायला जे जाडेभरडे कापड घेत, त्यातल्या एका जातीचे नाव ‘लोवेल’ होते. गुलामांनी वेचलेला कापूस उत्तरेत जाई आणि कापड होऊन त्यांच्याच अंगावर परत येई. याच लोवेलमध्ये गुलामगिरीविरुद्ध सभाही भरत.

९.
कापूस गुलामांचा, म्हणून सुती कपडा नको. लोकर मेंढीची, ती तिच्या संमतीशिवाय कापलेली, म्हणून तीही नको. चामडे नको, चरबीची मेणबत्ती नको, दूध नको. ब्रॉन्सन अल्कॉट आणि सोबत्यांनी १८४३ मध्ये फ्रूटलँड्स नावाची वसाहत काढली. अंगात लिननचा सदरा. न्यू इंग्लंडची थंडी. सुमारे सात महिने.

अल्कॉटच्या मुलीने, लुइझाने, पुढे यावर खोचक लिहिले. पीक कापून पडले आहे, वादळ येते आहे, आणि पुरुषमंडळी तत्त्वप्रचाराला गेली आहेत. धान्य घरात आणले ते आईने आणि मुलांनी.

१०.
लंडन, १८४०. जागतिक गुलामगिरीविरोधी परिषद. अमेरिकेहून आलेल्या स्त्री प्रतिनिधींना सभागृहात बसू द्यावे का, यावर आधी वाद. निर्णय: बसू नये. त्यांना कठड्यापलीकडे बसवले. गुलामगिरीविरोधी चळवळीचा अमेरिकन पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन उशिरा पोचला आणि जाऊन त्यांच्याजवळ बसला. परिषद गुलामांच्या मुक्तीवर बोलत राहिली.

११.
बाल्टिमोर, १८४०. सहा दारुडे गुत्त्यात बसलेले. तिथेच त्यांनी दारू सोडणाऱ्यांची संघटना काढली.

१२.
सिल्वेस्टर ग्रॅहम मैदा खाऊ नका, कोंड्यासकट गव्हाची पोळी-पाव खा, असे सांगत फिरे. १८३७ मध्ये बॉस्टनच्या पाववाल्यांनी आणि खाटकांनी त्याच्या सभेवर चाल केली. आज त्याच्या नावाची गोड बिस्किटे मिळतात.

१३.
न्यू हॅम्पशरच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळांसाठी मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला. जोतीरावांनी त्यांची शाळा पाहिली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. फॅरार आल्या तेव्हा लोवेलला पहिली गिरणी बांधायला घेतल्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती.

जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाली. अर्पणपत्रिका अमेरिकेच्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी. अर्पणपत्रिका त्यांनी इंग्रजीत लिहिली.

१४.
१८६१. अमेरिकेत यादवी युद्ध, दक्षिणेचा कापूस बंद. लोवेलच्या अनेक गिरण्यांनी साचे थांबवले. मुंबईत कापसाचा भाव चढला, शेअरचे वेड लागले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, तेव्हा फोर्टात कोणी पेढे वाटले नसावेत.

१५.
सेनेका फॉल्स, जुलै १८४८. स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष यांच्या सह्या. शार्लट वुडवर्ड ही तरुण मुलगी घरी बसून हातमोजे शिवायची. तिचीही सही आहे. १९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा सही करणाऱ्यांपैकी ती एकटी हयात होती.

१६.
बॅगली १८४६ मध्ये लोवेलच्या तारखात्यात लागली. देशातली पहिली तारवाली बाई म्हणतात. पुढच्या वर्षी तिला स्प्रिंगफिल्डच्या कचेरीचे काम मिळाले. तिथे कळले की आधीच्या पुरुषाला जेवढा पगार होता, त्याच्या पाऊणपट आपल्याला आहे.

१७.
१८४७ मध्ये न्यू हॅम्पशरने दहा तासांचा कायदा केला, देशात पहिला. त्यात एक कलम होते: मजुराने जास्त तासांचा करार लिहून दिला असेल, तर जास्त तास चालतील. गिरणीवाल्यांनी करारनामे छापून घेतले.

मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा झाला १८७४ मध्ये. फक्त बायका आणि मुलांपुरता.