मुस्तफा

भाचीच्या पोराने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि सांगितलं, आजोबा, त्या गेमचं नाव मुस्तफा नाहीच. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनी, 1993. मुस्तफा हा त्यातल्या चौघांपैकी एक, पिवळ्या टोपीचा. मला रागच आला. उद्या म्हणाल, मैत्री बागेचंही नाव वेगळंच होतं.

मैत्री बाग म्हणजे भिलाईकरांची रविवारची जागा. भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून 1972 साली उभी राहिलेली. पांढरे वाघ, तळ्यात होड्या, संध्याकाळी गाण्यावर नाचणारं कारंजं. कारंजं मला कधीच आवडलं नाही. पाण्याने पडावं, ठेका धरू नये. छोटी आगगाडी मात्र आवडायची. मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होता. त्या इवल्या रुळांकडे तो असा बघे, जसा हलवाई दुसऱ्याच्या दुकानातल्या पेढ्याकडे. आता म्हणे तिथे 130 मीटरचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून 260 मीटरचा करतात. मामा असता तर एवढ्यात चारदा सांगून झालं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून भिलाईला मामाकडे जायचो. टाउनशिपमध्ये पत्ता म्हणजे नुसते आकडे: सेक्टर अमुक, स्ट्रीट तमुक, क्वार्टर एवढा. शेजारच्या पोराची ओळखसुद्धा ‘बाईस नंबरवाला’. अशा गावात एका खेळाला माणसाचं नाव होतं, तेही आम्ही ठेवलेलं.

तर भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात गिरणी होती आणि गिरणीला लागून व्हिडिओ गेमचं पार्लर. पार्लर कसलं, पत्र्याची खोली. दाराला परकराच्या कापडाचा पडदा, आत तीन मशिनी. मामी मला गव्हाचा डबा घेऊन दळणाला पाठवायची. डबा रांगेत लावायचा आणि पडद्याआड शिरायचं. भिंतीच्या फटीतून पीठ यायचं, त्यामुळे हँडल पांढरी. खेळून बाहेर आलेल्या पोराचे तळवे बघितले की कळे, हा कुठे होता ते.

मुस्तफाच्या मशिनीला तीन हँडल. रुपयाला एक डाव. पहिल्या हँडलवर कायम मोठी पोरं, आणि मुस्तफा त्यांचाच. तो धावत येऊन अशी लाथ घाली की दोन-तीन गुंड एकदम आडवे. आमच्या वाट्याला जाडा मेस नाही तर हॅना. डायनोसॉरच्या वाटेला जायचं नाही हा नियम, कारण तो चिडला की आपला-परका बघत नसे. पिंप फोडलं की आतून खाणं निघे, आणि ते कुणी उचलायचं यावरून मशिनीबाहेरच खरी मारामारी. मेलं की पडद्यावर नऊपासून उलटे आकडे सुरू. नऊ, आठ, सात. खिसा, दुसरा खिसा, मित्राचा खिसा. त्या नऊ आकड्यांत मी जेवढी उधारी केली तेवढी पुढे घर बांधतानाही केली नाही.

एकदा असाच चारवर आलो आणि मागून एका हाताने रुपया टाकला. वळून बघतो तर मामा. फर्स्ट शिफ्ट सुटून आलेला, सायकल बाहेर. मला घाम फुटला. मामाच्या मते जगात एकच चांगली गोष्ट, पोराने इंजिनियर होणे. (कथेतला मुस्तफाही इंजिनियरच, हे पोराने परवा सांगितलं. तेव्हा ठाऊक असतं तर!)

‘‘सरक,’’ मामा म्हणाला आणि त्याने मधलं हँडल धरलं. तापलेल्या लोखंडाशेजारी आयुष्य काढलेला माणूस, पण अर्ध्या मिनिटात मेला. पडद्यावर आकडे सुरू झाले. मामाने खिसे चाचपले, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या मुठीत दळणाचे पैसे होते.

गिरणीवाल्याला मामाने ‘‘उद्या देतो’’ म्हणून सांगितलं.

घरी मामीने डब्याचं झाकण उघडलं, पीठ चिमटीत घेतलं. पार थंड झालं होतं.

‘‘एवढा वेळ?’’

‘‘लाइन होती,’’ मामा म्हणाला आणि हात धुवायला मोरीत गेला.