संस्काराचें आयुष्य

"वरवरचें तें वरवरचेंच," हें वाक्य आम्हीं अध्यापकांच्या खोलींत बसून तीस वर्षांत इतक्यांदा उच्चारलें आहे कीं, आमच्यामागें सहकारी आमची नक्कल याच वाक्यानें करतात. वर्गांत कविता शिकवावी, मुलांचे डोळे चमकलेले पाहावे, आणि परीक्षा आटोपल्यावर त्याच मुलांस त्या कवितेचें नांवही आठवूं नये, हा अनुभव पदरीं असलेल्या मनुष्यानें दुसरें काय म्हणावें? परंतु गेल्या पावसाळ्यांत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं आमचें हें वाक्य रबराच्या तुकड्यावर घासून पाहिलें, आणि तेव्हांपासून तें उच्चारतांना आमची जीभ अडखळते.

प्रयोग साधा होता. सिलिकोनच्या पारदर्शक रबराच्या तीन चकत्या घेऊन त्यांनीं प्रत्येकीवर पाण्याचा एक थेंब सोडला. अळवाच्या पानावर राहावा तसा तो टपोरा उभा राहिला. थेंबाची कड पृष्ठाशीं जो कोन करते, तो या रबरावर सुमारें ११० अंशांचा भरतो. या कोनाचा विचार टॉमस यंग यांनीं १८०५ सालीं मांडला. रोझेटा शिलेवरील मिसरी लिपीचें कोडें सोडविण्यास ज्यांनीं हातभार लावला तेच हे यंग, हें कळतांच आम्हां भाषेच्या माणसांस त्या कोनाविषयीं उगाच आपलेपणा वाटूं लागला.

नंतर थेंब टिपून चकत्या एका काचेच्या पात्रांत ठेवल्या, आंतील बहुतेक हवा उपसून काढली, आणि वीज सुरू केली. पात्र जांभळट गुलाबी प्रकाशानें भरून गेलें. विरळ वायूंत वीज खेळली म्हणजे त्याच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युन्मय वायूस अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं १९२८ सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें. मिनिटभरानें चकत्या बाहेर काढून पुन्हां थेंब टाकला, तों तो टेकतांच पसरला! रबराच्या पृष्ठावर पाण्याशीं वैर धरणारे मिथिल गट असतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या जागीं पाण्याशीं सख्य असणारे हायड्रॉक्सिल गट आले होते. रबर तेंच, रंग तोच, लवचिकपणाही तोच. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील फार तर शेंदोनशें भागांपर्यंत हा संस्कार पोंचलेला.

"म्हणजे वरवरचेंच कीं!" आम्ही विजयानें म्हणालों.

"आठ दिवसांनीं या," एवढेंच बोलून स्नेह्यांनीं एक चकती उघड्या बशींत ठेवली, दुसरी पाण्यांत बुडविली, आणि तिसरी, तशाच संस्कार केलेल्या काचपट्टीवर तत्काळ दाबून बसविली.

आठ दिवसांनीं गेलों. बशींतील चकतीवर थेंब पूर्वीच्या जवळजवळ तितकाच टपोरा उभा राहिला. आम्हीं मान डोलाविली. पाण्यांतून काढलेल्या चकतीवर मात्र तो अजूनही पसरत होता. तिसरी चकती काचेपासून ओढून काढण्याचा आम्हीं प्रयत्न केला, तेव्हां रबर फाटलें; सांधा सुटला नाहीं.

स्नेह्यांनीं उलगडा केला तो असा. रबरांतील लांबच लांब साखळ्या साध्या खोलीच्या उष्णतेंतही स्वस्थ बसत नाहींत. हवेंत त्यांचे जलप्रिय गट आंत वळतात, आणि कोठेंही न गुंतलेल्या आखूड साखळ्या खालून झिरपत वर येऊन पृष्ठावर पसरतात. संस्कार पुसला जातो असें नव्हे. पुष्कळसा तो झांकला जातो. पाण्यांत त्या गटांस आंत वळण्याचें कारणच नसतें, कारण त्यांचा सोबती बाहेर उभा असतो. काचेशीं जुळलेल्या चकतीवर तर दोन्ही बाजूंचे गट एकमेकांत गुंतून नवा बंध तयार झालेला. मग मागें वळणार कोण? जीवपेशी वाढविण्याच्या पॉलिस्टायरीनच्या तबकड्यांवरही असाच संस्कार करतात, व तो पुष्कळ अधिक टिकतो, कारण त्या पदार्थाच्या साखळ्या १०० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत ताठ असतात. मग संस्कार अधिक वेळ केला तर? आम्हीं विचारलें. त्यावर ते म्हणाले, "अति झालें कीं या रबरावर काचेसारखें ठिसूळ कवच बनतें, त्याला तडे जातात, आणि त्या तड्यांतून आंतलें लवकरच वर येतें."

आमच्या दारीं सकाळीं येणाऱ्या दुधाच्या पिशवीचीही हीच कथा. पॉलिथिनवर शाई धरत नाहीं. त्याची पृष्ठऊर्जा मीटरामागें सुमारें ३१ मिलिन्यूटन, आणि शाईस साधारणतः ३८ तरी हवी. म्हणून त्या पटलावर छपाईपूर्वीं 'कोरोना' नांवाच्या विद्युत्स्रावाचा संस्कार करतात. (त्या नांवाच्या रोगाशीं याचा संबंध नाहीं.) गुंडाळी गोदामांत पडून राहिली कीं हा संस्कारही उतरूं लागतो, म्हणून जाणता छापणारा जुनी गुंडाळी आधीं तपासतो, आणि जरूर तर यंत्रावरच तिच्यावर पुन्हां संस्कार करतो.

घरीं परत येतांना आम्हांस एका विद्यार्थ्याची आठवण झाली. बावीस वर्षांपूर्वीं आम्ही कीट्स शिकवीत होतों, तेव्हां तो एका दुपारीं लाजत लाजत वही घेऊन आला. एका कवितेचें त्यानें मराठी रूपांतर केलें होतें. आमच्यापुढें तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. "परीक्षा होऊन जाऊं दे, मग निवांत पाहूं," आम्हीं सांगितलें. परीक्षा झाली, तो आला नाहीं, आणि आम्हींही बोलाविलें नाहीं. गेल्या वर्षीं एका बँकेंत तो काउंटरपलीकडे दिसला. चटकन उठून त्यानें आम्हांस खुर्ची दिली, चहा मागविला. त्या रूपांतराची गोष्ट काढतांच हंसून म्हणाला, "तें त्या वयाचें वेड होतें, सर." हीच हकीकत आम्हीं दुसऱ्या दिवशीं अध्यापकांच्या खोलींत आमच्या वाक्याचा पुरावा म्हणून सांगितली होती!

पुरावा होता खरा, पण कशाचा? त्या मुलाचें मन त्या दुपारीं जुळण्यास सिद्ध झालेलें होतें. जुळवून घ्यावयाचें तें आम्हीं. आणि आम्हीं त्यास उघड्या बशींत ठेवून दिलें. आठ दिवसांनीं थेंब उभा राहिला, यांत रबराचा दोष कोणता?

असो. बँकेच्या पत्त्यावर आम्हीं त्यास पत्र घातलें आहे: ती वही अजून असेल तर पाहावयाची आमची इच्छा आहे, आणि उत्तरपत्रिका आतां टेबलावर नाहींत. पत्र टाकून पंधरवडा झाला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. दुसरें पत्र घालावें असें रोज मनांत येतें. पण अति संस्कारानें पडणारे तडे आठवतात, आणि आम्ही लेखणी खालीं ठेवतों.